खरूज कुठून आली, हा वाद सोडा

डिचोलीच्या एका ताईंचं पत्र आहे. आईचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू. पाय मोडला म्हणून मडगावच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये 2 महिने ठेवलं. तिथे तळहातांवर चुन्यासारखे पापुद्रे धरले. सोरायसिस म्हणून स्टेरॉइडचं मलम लावत राहिले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर खरजेचे किडे! तोवर घर सगळं खाजवतंय. नर्सिंग होम म्हणतं, तुम्हीच घरून आणली. फाईलही देत नाही. केस होते का?

होते, ताई. पण 'कुठून आली' यात शिरू नका. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायलाच चार-सहा आठवडे लागतात. कोणाची कोणाला लागली हे सिद्ध करताना दमून जाल. भांडायचं ते निदानाला झालेल्या उशिरावर.

निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल. मीही तेच सांगितलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाचा आधार त्याला आहे. आजारही फसवा. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे, आईंसारख्या प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात हजारो, कधी लाखो. तरी खाज कमी असू शकते. पण तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: रात्रपाळीची आया बोटांच्या बेचक्यात खाजवत होती. प्रत्यारोपण माहीत, मलमाने गुण नाही, आयेला खाज, आणि तरी साधी खरवड तपासणी नाही? याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

फाईलसाठी आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार कागद 72 तासांत द्यायचे असतात. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन परत फिरू नका. नर्सिंग नोट्स आणि औषधांचा तक्ता हवाच. तळहातांचे फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या.

घरच्यांनी उपचार एकाच वेळी घ्या, चिठ्ठ्या जपा. नाहीतर आईंना पुन्हा लागण झाली की तेही तुमच्याच माथी मारतील.

मडगावला खेटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे उत्तर गोव्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं; नोटिसा पाठवण्यात ती घालवू नका. तक्रार आईंच्या नावाने करू, पण त्यांना माझ्या ऑफिसात आणू नका. त्यांनी तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र पुरे.