वाचक विचारतात : रानाला घातलेली साद

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात असतो. गेल्या सप्टेंबरात त्याने सगळी रजा मित्रांबरोबर एल्क नावाच्या हरणाच्या शिकारीत घालवली आणि त्यापायी गणपतीलाही घरी आला नाही. नंतर फोनवर मात्र तासभर तेच सांगत होता. तोंडात कसलीशी पट्टी धरून त्याने मादीचा आवाज काढला, समोरच्या डोंगरातून नराने ओरडून उत्तर दिले, मग बराच वेळ सगळे सामसूम झाले, आणि पाऊण तासाने ते धूड वीस पावलांवर येऊन उभे राहिले. पण धनुष्याला लावलेला बाण काही सुटला नाही. हे ऐकून माझे वडील म्हणाले, आपले काका गवताची पात वाजवून भेकर बोलावत असत. एल्क म्हणजे आपले सांबरच का? आणि इतके सावध जनावर माणसाच्या आवाजाला फसते, हे खरे मानावे काय?
— एक वाचक, दापोली

उत्तर : एल्क म्हणजे सांबर नव्हे, पण तुमचा घोटाळा जुना आणि प्रतिष्ठित आहे. युरोपात ‘एल्क’ म्हटले की मूस हे रुंद, फावड्यासारख्या शिंगांचे जनावर समजतात. सिलोनातले ब्रिटिश शिकारी तर सरळ सांबरालाच एल्क म्हणत. तुमचा पुतण्या ज्याच्या मागे गेला, त्याचे दुसरे नाव वापिती. हा शॉनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा होतो. आपले सांबर अंगाने गडद आणि स्वभावाने एकलकोंडे असते. त्याचा ठसक्यासारखा एकच ‘ढांक’ सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी रात्री ऐकलेला असेल, पण तो धोक्याचा इशारा असतो. एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत माजावर येतो, माद्यांचा कळप गोळा करून राखतो, आणि त्या दिवसांत पहाटे-संध्याकाळी ओरडून ओरडून डोंगर जागा ठेवतो.

त्या ओरडण्याला तिकडे बिगुल म्हणतात. मला विचाराल तर आपल्या तुतारीशी त्याचे जास्त जुळते, कारण सूर खालून सुरू होतो, चढत जातो, वर टोकाला ताणून धरला जातो, मग एकदम कोसळतो आणि शेवटी पाच-सहा खोकल्यासारखे हुंकार येतात. पहिल्यांदा ऐकणारा चकित होतो तो आवाज मोठा असतो म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या छातीतून डरकाळी यावी अशी अपेक्षा असताना बारीक, कर्कश शिट्टी येते, त्याचे त्याला नवल वाटते. अभ्यासकांच्या मते तो नर कंठातला आवाज आणि शिट्टी दोन्ही एकाच वेळी काढत असतो. मादीचा आवाज त्यामानाने साधा, मांजरीच्या लांबवलेल्या म्यांवसारखा असतो, आणि कळप चरताना एकमेकींचा माग ठेवण्यासाठी माद्या तो सारख्या काढत असतात.

पुतण्याच्या तोंडातली पट्टी म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चौकटीवर ताणून बसवलेला रबराचा पातळ पापुद्रा. तो जिभेने टाळूला दाबून धरायचा आणि वरून श्वास सोडायचा. जिभेचा दाब वाढला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. नराचा आवाज काढायचा असेल तर त्यापुढे एक लांब नळी धरतात, म्हणजे आवाजाला पोकळी मिळते. शिकताना पहिले काही दिवस नुसती ओकारी येते आणि घरातली माणसे हैराण होतात. यात्रेत पिपाणी घेऊन दिलेल्या मुलाच्या आईबापांना हे वेगळे सांगायला नको.

आता फसण्याविषयी. जनावर आवाजाला फसते, असे म्हणणे मला अर्धवट वाटते. मादीचा आवाज ऐकून नर येतो, कारण कळपाबाहेर एखादी मोकळी मादी असणे ही त्याच्या जगात रोजची, शक्य कोटीतली गोष्ट आहे. नराचा आवाज ऐकून येतो, कारण आव्हान देणारा नर हीदेखील तितकीच शक्य गोष्ट आहे. आपण त्याला त्याच्याच भाषेत पटण्याजोगे काही सांगतो आणि तो शहानिशा करायला निघतो. ही शहानिशा मात्र तो डोळ्यांनी आणि नाकाने करतो, आणि तिथे माणसाची सोंगे उघडी पडतात. कळप राखणारा थोराड नर पुष्कळदा आव्हान ऐकल्यावर लढायला न येता माद्या हाकत दुसऱ्या डोंगराला निघून जातो. येतात ते कळपाच्या कडेकडेने फिरणारे नर, आणि तेही कित्येकदा तोंडातून चकार शब्द न काढता. नवख्याला वाटते, आवाज बंद झाला म्हणजे जनावर गेले. तो कंटाळून उठतो, पाय मोकळे करतो, आणि साठ पावलांवर झाडीत उभा असलेला नर त्याच क्षणी उधळतो. तुमचा पुतण्या सामसूम झाल्यावरही पाऊण तास बसून राहिला. पहिल्याच खेपेला एवढा धीर धरणे ही त्या साऱ्या हकिगतीतली मला सर्वांत कौतुकाची गोष्ट वाटते.

वाऱ्याचे गणित तर कोकणातल्या माणसाला चटकन उमगेल. दिवसा खारा वारा समुद्रावरून आत येतो आणि रात्री मतलई जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हे आपल्याकडचे कोणतेही कोळ्याचे पोर सांगेल. डोंगरातही त्याच कारणाने वारा दिशा पालटतो : रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली सरकत असते, उन्हे चांगली तापली की ती वर चढू लागते, आणि संध्याकाळी पुन्हा खाली वळते. पहाटे नराच्या वरच्या अंगाला बसून साद घालणाऱ्याचा वास त्याच्या सादेच्या आधीच नराकडे पोचलेला असतो.

आणि बाण का सुटला नाही? पत्रावरून दिसते की साद घालणारा आणि नेम धरणारा तो एकटाच होता. जनावर आवाजाच्या नेमक्या उगमाकडे बघत येते, त्यामुळे ते समोरासमोर, छाती पुढे करून उभे राहते, आणि अशा वेळी बाण मारण्यासारखी जागाच मिळत नाही. धनुष्याची दोरी खेचावी तर ती हालचाल त्याला दिसते. म्हणूनच जाणते शिकारी जोडीने जातात. साद घालणारा तीस-चाळीस पावले मागे बसतो आणि नेम धरणारा पुढे, वाऱ्याच्या बाजूला. एल्क येतो तो मागच्याच्या शोधात, पुढच्याकडे त्याचे लक्ष नसते. अर्थात छातीतली धडधडही असणारच. तीनशे किलोंचे जनावर श्वास ऐकू येईल इतके जवळ उभे असताना हात कापला नाही, असे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या वडिलांचे म्हणणे खरे असणार. आमच्या वाडीत असेच एक आजोबा होते. ठासणीची बंदूक त्यांनी कधीच जमा करून टाकली होती, पण विद्या हातात होती. मी अकरा-बारा वर्षांचा असताना, शिमगा होऊन गेल्यावरच्या एका सकाळी, त्यांनी मला वाडीमागच्या सड्याखाली नेले, करवंदीच्या जाळीआड बसवले, गवताची ओली पात दोन अंगठ्यांच्या फटीत ताणून ओठांना लावली आणि आखूड, केविलवाणे तीन आवाज काढले. ‘आता गप ऱ्हा,’ एवढेच बोलले. माझ्या पोटरीवर मुंगळे चढत होते आणि ते झटकायची चोरी होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण समोरच्या कुड्याच्या बुंध्याशी वाळका पाला वाजला आणि तांबूस अंगाची भेकराची मादी मान पुढे काढून उभी राहिली. तिचे दोन्ही कान आमच्याकडे वळले होते, नाकपुड्या हलत होत्या, आणि पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी होता. तो पाय तिने जमिनीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला, आणि मग कुत्र्यासारखी भुंकत ती उतारावरून गेली. मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो. घरी येताना आजोबांना विचारले, ती कशाला आली होती? ते म्हणाले, ‘पोर रडतंय असं वाटलं तिला.’ त्यानंतर पात वाजवायला त्यांनी मला शिकवले, पण तो आवाज मी रानात पुन्हा काढलेला नाही. एल्कच्या नराला मादीचे किंवा दुसऱ्या नराचे आमिष दाखवणे आणि आईला पाडसाचे रडणे ऐकवणे यांत मला फरक वाटतो. तो तुम्हाला वाटलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही.

वडिलांच्या काकांचा काळ वेगळा होता हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्याकडची ही शिकार बंद झाली. त्या कायद्याच्या व्याख्येत जनावर मारणेच नव्हे, तर सापळा लावणे, हाका घालून उठवणे, आमिष दाखवणे हीसुद्धा शिकारच ठरते. कोलोरॅडोत परवाना, ठरावीक दिवस आणि ठरावीक हत्यार अशी बांधणी करून ती चालू ठेवलेली आहे. तिथले नियम तिथे. पुतण्याने सुट्टीत येताना ती पट्टी खिशात घालून आणली, तर तिचा प्रयोग घरच्या पडवीतच होऊ द्या.

प्रश्न : आमचा नातू रोज सकाळी आंब्यावरच्या कोकिळेला चिडवतो. हा ‘कुहू’ म्हणाला की ती अधिक वरच्या पट्टीत म्हणते आणि शेवटी रागावून गप्प होते. पक्ष्यांना खरोखर राग येतो का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पहिली गोष्ट, ती नव्हे, तो. ‘कुहू’ गातो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक असतो. दुसरी गोष्ट नातवाला सांगताना जरा बेताने सांगा. कोकिळाची तान कोणी उत्तर देवो अथवा न देवो, पायरीपायरीने चढतच जाते आणि वरच्या टोकाला एकाएकी तुटते. उद्या त्याला न बोलता नुसते ऐकायला लावा, म्हणजे हे त्याचे त्यालाच कळेल. तरीही सगळेच मुलाच्या मनाचे खेळ म्हणता येणार नाहीत. शेजारच्या आगरात दुसरा नर गात असल्याचा समज होऊन कोकीळ अधिक वेळा गातो आणि कधी फांदी बदलून आवाजाच्या बाजूला येतो. कोकणातल्या बहुतेकांची रानाशी झालेली पहिली बोलाचाली हीच असते, आणि तिला ना पट्टी लागते, ना परवाना.

प्रश्न : एल्कसारखे ओरडणारे हरीण भारतात कुठेच नाही काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहे. काश्मीरचा हंगुल त्याच कुळातला. श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात शरद ऋतूत त्याचे नर माजावर येऊन ओरडतात. त्यांची संख्या फारच थोडी उरली आहे, तेव्हा तिथे जाऊन साद घालण्याचा विचारही नको. नुसते ऐकायला मिळाले तरी भाग्य समजा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात पक्षी पाहायला पाहुणे उतरतात. नवरंग दाखवा, असा त्यांचा आग्रह असतो. फोनवर त्याचा आवाज लावला की तो हमखास येतो, असे ऐकले आहे. करावे का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : येतो, आणि म्हणूनच करू नये. नवरंग मृगाच्या सुमाराला आपल्याकडे येतो तो घरटे करायला. ध्वनिमुद्रित आवाजाला थकवा नसतो. तो वीस मिनिटे सारख्या जोराने ओरडत राहिला की खरा पक्षी चारा शोधणे, घरट्याकडे बघणे सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत फिरतो. आज तुमचे पाहुणे, उद्या शेजाऱ्यांचे, असे चालले तर तो ती जागाच सोडून जाईल आणि मग दाखवायला काहीच उरणार नाही.

तोंडाने घातलेल्या शिळेचीही गत फारशी वेगळी नाही, पण निदान माणसाला दम लागतो. माझी पहिली शीळ देवरुखच्या बाजूला, भर पावसात, एका बांधाशी झाली. त्याने झाडीतून दोन सुरांची, पहिला चढा आणि दुसरा उतरता, अशी शीळ घातली. मी तशीच घातली. तीन वेळा देवाणघेवाण झाल्यावर तो पाल्यातून टुणटुणत पाच-सहा हातांवर आला. पाठ हिरवी, पंखांवर निळ्याचा तुकडा, डोळ्यांवरून काळा पट्टा, शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग आणि शेपटी कोणी कापून ठेवल्यासारखी आखूड. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे कुठेतरी असायला हव्या असलेल्या दुसऱ्या नवरंगाला शोधत होता. मला थोडे ओशाळल्यासारखे झाले आणि मी गप्प बसलो. चार-दोन मिनिटांनी तो पाला उलटून किडे वेचू लागला, आणि खरे पाहणे तेव्हा झाले.

तुम्हीही पाहुण्यांना संध्याकाळी, दिवे लागायच्या तासभर आधी, झाडीच्या कडेला नेऊन बसवा. त्या वेळी नवरंग आपण होऊन बोलतो. बसायची जागा त्याच्या आवाजापासून तीसेक पावलांवर ठेवा, उठायची घाई करू देऊ नका, आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी बरोबर असू द्या. छत्र्या मात्र काळ्याच न्या. रंगीबेरंगी छत्र्यांच्या घोळक्यासमोर तो मुळीच बाहेर पडत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.