सिंक्रोट्रॉनवर हाय-प्रेशर संशोधनाची बीमलाइन उभारायला पीएचडीच लागते का? आणि हाय-एनर्जी एक्स-रेच कशाला?

भाऊ, तुम्ही आर्णीकडचे, बी.एस्सी. झालेले, असं लिहिलंय म्हणून उत्तर देतो. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून तेज एक्स-रे काढणारं मोठं यंत्र, आणि बीमलाइन म्हणजे ते किरण नमुन्यापर्यंत नेणारी लाइन. प्रयोग आखायला पीएचडी लागते. उभारायला फिटर लागतो, आणि त्याचं ऐकणारं कोणीतरी.

मी आयटीआय फिटर, घरी लोहारकाम. ज्या वर्कशॉपात होतो तिथे (नाव घेत नाही) बीमलाइनच्या आरशाचं स्टँड बनत होतं. हा आरसा किरण 10 मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करणार. पुढे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलेला नमुना जेमतेम 50 मायक्रॉनचा. ठिपका सरकला की नमुना राहतो बाजूला आणि त्याच्याभोवतीच्या गॅस्केटच्या, म्हणजे भोक पाडलेल्या पत्र्याच्या, धातूचाच पॅटर्न (किरण विखुरून उमटणारी नक्षी) हाती येतो.

मे महिना, टिनाचं शेड. सकाळी लेव्हल बरोबर, दुपारी तीनला स्टँड कललेलं. इंजिनिअर साहेब म्हणाले, स्क्रू-जॅकमध्ये (स्टँड वर-खाली करणाऱ्या स्क्रूमध्ये) खेळ आहे, म्हणजे ढिलाई. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. मी म्हटलं, साहेब, पश्चिमेचे पाय टिनाला लागून आहेत, ते तापून वाढतात. बाबा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायचे ती गोवऱ्यांत लाल करूनच. थंड झाली की लाकडाला अशी आवळते की बस. पोलाद मीटरमागे एका डिग्रीला 12 मायक्रॉन वाढतं. तीन डिग्रीचा फरक पडला की झाले 36.

"ही बैलगाडी नाही," साहेब म्हणाले. पोट्टे हसले.

मी रात्री बारा ते पहाटे पाच एकटा थांबून दर तासाला स्टँडच्या कलाचं रीडिंग घेतलं. ऊन नाही, तर काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी भिंत आणि पायांच्या मधे थर्माकोल लावला, दुपारचा कल जवळपास गेला. रिपोर्टात आलं: स्क्रू-जॅक दुरुस्त केल्याने दोष दूर.

हाय-एनर्जी काहून, हे राहिलंच. कमी ऊर्जेचे किरण हिराच खाऊन टाकतो. शिवाय हिरे धरणाऱ्या सेलचं किरण बाहेर पडायचं तोंड लहान. तरंगलांबी कमी असली तरच तेवढ्या कोनात पॅटर्नचे पुरेसे पीक (शिखरं) मावतात. असे किरण काढायला रिंगमधले इलेक्ट्रॉनही जास्त ऊर्जेचे लागतात. ती ऊर्जा जीईव्हीत मोजतात: फ्रान्समधल्या ग्रेनोबलची रिंग 6 जीईव्हीची, जपानची स्प्रिंग-8 तर 8 ची. आपली इंदूरची इंडस-2 अडीचची, तरी तिथे बीएल-11 या बीमलाइनवर हेच काम चालतं.

जॅकमध्ये थोडा खेळ होताच, खोटं कशाला बोलू. पण 36 मायक्रॉनचा नव्हता.

पीएचडी जमत असेल तर कराच. मग रिपोर्ट तुम्ही लिहाल, आणि त्यात पश्चिमेचे पाय येतील.