फ्री, पण कशापासून?

प्रिय पोरी,

तू इंग्रजीतून तुर्कीत भाषांतर केलेली फाईल रविवारी सकाळी चहाबरोबर उघडली. ४१२ ओळी, त्यातल्या २९ ओळींत ‘फ्री’, आणि २९च्या २९ ठिकाणी ‘उज्रेतसिझ’. म्हणजे पहिल्या ओळीला शब्दकोश उघडलास आणि बाकीचं शोधा-बदला करून मोकळी झालीस. रागवत नाहीये. मीही हेच केलं होतं, आणि माझं तर लोकांच्या फोनवर झळकलं होतं.

दवाखान्यातली वेळ ठरवून देणारं एक ॲप होतं. नाव नको. मला मिळाला नुसता एक्सेलचा तक्ता: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे कोरा रकाना. एका ओळीत एकच शब्द, फ्री. त्याच्या वरच्या ओळीत ‘प्रीमियम’ होतं, म्हणून मी धरून चालले की गोष्ट पैशांची आहे. लिहिलं उज्रेतसिझ, म्हणजे विनामूल्य. तो शब्द जाऊन बसला डॉक्टरांच्या वेळापत्रकात. साडेदहा, भरलेलं. पावणेअकरा, भरलेलं. अकरा, विनामूल्य. अकराची वेळ पटापट जायला लागली आणि काउंटरवर बिल आलं की लोक फोन पुढे करायला लागले. मला आलेला मेल दोनच ओळींचा होता, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं होती. तिथे हवा होता ‘बोश’. रिकामं. बस.

(तुर्की ‘उ’ आणि ‘ओ’चे ओठ चंबू करून म्हणायचे प्रकार आपल्या लिपीत बसत नाहीत. जवळपास लिहिते, तू मनात नीट वाच.)

आपली अडचण अशी की मराठीत आपण ‘फ्री’ अख्खाच्या अख्खा घरात घेतला. ‘संध्याकाळी फ्री आहेस का?’, ‘एकावर एक फ्री’, ‘शुगर फ्री बिस्किटं’. त्यामुळे त्याच्या पोटात किती जण बसलेत ते जाणवतच नाही. आणि मराठी शब्द शोधायला गेलो तर हाताशी ‘मोकळा’ येतो, तोही तसाच ऐसपैस: मोकळा वेळ, मोकळी जागा, मोकळं बोलणं, मोकळे केस. तुर्कीत असा एक शब्द नाही. विमानतळावरच्या दुकानाला लोक फ्री शॉप म्हणतात, फुटबॉलमध्ये फ्रिकिक म्हणतात (त्याला एक चावट अर्थही आहे, म्हणून लिहिताना ‘सेरबेस्त वुरुश’च लिही), पण याच्या पलीकडे ‘फ्री’ला तिथे फारसा दरवाजा नाही. प्रत्येक वेळी सांगावं लागतं की नक्की काय मोकळं आहे.

तेव्हा ‘फ्री’ दिसला की शब्दकोश उघडायच्या आधी त्याला एकच विचार: कशापासून? पैशांपासून, कामापासून, मनाईपासून, मालकापासून की साखरेपासून? उत्तर आलं की तुर्की शब्द बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग येतो. तुर्की व्याकरणात या ‘पासून’ला ‘-देन’, ‘-दान’ असा प्रत्ययच आहे. ‘वेर्गिदेन मुआफ’ म्हणजे करापासून माफ. हो, आपलाच माफ. कर्जमाफीतला, सारामाफीतला. अरबीतून निघालेला शब्द एका वाटेने इस्तंबूलला गेला, दुसऱ्या वाटेने आपल्या सातबाऱ्याच्या दुनियेत आला. तुझ्या फाईलमध्ये ६४व्या ओळीत ‘टॅक्स फ्री’ आहे, तिथे हाच लाव.

आता पैशांचं. इथे तुझा उज्रेतसिझ चुकीचा नाही, पण एकटा पुरत नाही. ‘उज्रेत’ म्हणजे मोबदला, शुल्क. उज्रेतसिझ हा कोट घातलेला शब्द आहे: सरकारी पाटी, ॲपचं बटण, संग्रहालयाचं तिकीट. आपल्या ‘निःशुल्क’सारखा, पण रोजच्या वापरात जास्त रुळलेला. दुकानदार तो वापरत नाही. इस्तंबूलमधल्या काडकोयच्या बाजारात माझ्या नेहमीच्या साबणवाल्याच्या काचेवर खडूने लिहिलेलं असतं: ‘बिर आलाना बिर बेदावा’. एक घेणाऱ्याला एक फुकट. आपल्या ‘एकावर एक फ्री’चा हा सख्खा भाऊ, आणि त्यातला ‘आलाना’ बघ, एवढ्याशा शब्दात ‘जो घेईल त्याला’ हे सगळं बसलं. तिथे ‘बिर उज्रेतसिझ’ लिहिलंस तर साबण नगरपालिका वाटतेय असं वाटेल. तुझी ९०वी ओळ नेमकी हीच आहे.

बेदावा हा मुळात फारसी ‘बाद-ए-हवा’, हवेतला वारा. उस्मानी काळातल्या महसुलाच्या हिशेबात याच नावाखाली दंड, लग्नावरचा कर वगैरे अवचित येणारं उत्पन्न मांडत. म्हणजे एके काळी जे सरकारला वाऱ्यावर मिळायचं ते आता गिऱ्हाइकाला मिळतं. हे भाषांतराला उपयोगी नाही, पण मला आवडतं.

त्याच्याही खाली ‘बेलेश’, अरबीतल्या ‘काहीही न देता’वरून आलेला. हा आपला ‘फुकट्या’मधला फुकट. जाहिरातीत चुकूनही नको; कादंबरीतल्या आगाऊ मेव्हण्याच्या तोंडी मात्र शोभतो. आणि एक ‘पारासझ’, सरळ अर्थ बिनपैशांचा. गंमत म्हणजे हा घटनेत आहे: १९८२च्या तुर्की राज्यघटनेचं ४२वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण सरकारी शाळांत पारासझ असेल. गरीब घरातल्या हुशार मुलांच्या मोफत निवासी शाळांनाही ‘पारासझ यातल’ म्हणतात, आणि एका अख्ख्या पिढीच्या गळ्यात या दोन शब्दांनी आवंढा येतो. पण ‘पारासझ’ माणूस म्हणजे कफल्लक. शिक्षणाला लावला तर हक्क, माणसाला लावला तर कडकी.

उज्रेतसिझलाही एक चोरखिसा आहे. ‘उज्रेतसिझ इझिन’ म्हणजे फुकट मिळालेली सुट्टी नव्हे, बिनपगारी रजा. मोबदला कोण कुणाला देतंय त्यावर अर्थ फिरतो. तुझ्या १५७व्या ओळीत ‘फ्री इंटर्नशिप’ आहे. आता सांग, शिकणाऱ्याने फी भरायची नाही, की कंपनी विद्यावेतन देणार नाही? तुझं भाषांतर दोन्ही म्हणतं. दोघांनाही वाटेल की आपलंच खरं आहे. नंतर भांडणं होतात ती अशीच.

वेळेच्या बाबतीत दोन शब्द, आणि दोन्ही जपून. ‘बोश’ म्हणजे रिकामा: रिकामी खुर्ची, रिकामी टॅक्सी, कॅलेंडरातली रिकामी जागा. वस्तूला, वेळेला निर्धास्त लाव. माणसाला लावताना थांब. ‘बोश लाफ’ म्हणजे पोकळ बडबड, ‘बोश वेर’ म्हणजे सोड ना, जाऊ दे, ‘बोशता’ असणं म्हणजे नोकरी नसणं. आपला ‘मोकळा’ कधी अपमान करत नाही, बोश करतो. मैत्रिणीला ‘बोश मुसुन?’ चालतं. बाकी सगळ्यांना ‘म्युसाइत मिसिनिझ?’, वेळ आहे का, सोयीचं आहे का. तुर्कीत तू आणि तुम्ही आपल्यासारखेच वेगळे आहेत हे तुला सांगायला नको.

म्युसाइत तू इथे आलीस की पहिल्याच आठवड्यात ऐकशील, दोलमुशमध्ये. आपल्या शेअर रिक्षेची ती मोठी बहीण. मागून कुणीतरी पुटपुटतं, ‘म्युसाइत बिर येर्दे इनेजेक वार’, सोयीच्या जागी एक जण उतरणार आहे. ड्रायव्हर मान वळवत नाही, पण पन्नास पावलांत गाडी कडेला लागते. इतका साधा, इतका सभ्य शब्द. आणि याच शब्दावरून २०१५मध्ये गदारोळ झाला होता, कारण तुर्की भाषा संस्थेच्या शब्दकोशात त्याचा दुसरा अर्थ असा दिलेला होता: सहज प्रेमचाळे करायला तयार असलेली स्त्री. बायका भडकल्या, आणि भडकायलाच हव्या होत्या. माझा मुद्दा एवढाच की कथेतल्या पात्राने ‘इज शी फ्री?’ विचारलं तर विचारणारा कोण, कुठे, कुठल्या सुरात, हे बघितल्याशिवाय म्युसाइत लिहू नकोस. डॉक्टरबाईंबद्दल विचारलं तर ठीक. बारमध्ये विचारलं तर तू एका बाईवर शेरा मारून बसशील.

‘सेरबेस्त’ ही मनाई नसलेली मोकळीक. मुक्त बाजारपेठ, मुक्त छंद, स्वतंत्र व्यवसाय, शाळेत गणवेश नको असा दिवस, सगळं सेरबेस्त. ‘गिरिश सेरबेस्त’ म्हणजे आत यायला कुणालाही अडकाठी नाही. ‘गिरिश उज्रेतसिझ’ म्हणजे तिकीट नाही. इंग्रजीत दोन्ही ‘फ्री एन्ट्री’. शब्दाचे तुकडे केलेस तर फारसी ‘सर’ म्हणजे डोकं आणि ‘बस्त’ म्हणजे बांधलेलं, बंदोबस्तातलं बस्त. डोकं बांधलेला, अर्थ मात्र मोकळा. जुन्या नावांतला सेरबेस्त बदलू नकोस: १९३०च्या ऑगस्टमध्ये निघालेला आणि नोव्हेंबरातच गुंडाळलेला विरोधी पक्ष सेरबेस्त जुम्हुरियेत फर्कासच राहील, त्याला तू नव्या शब्दात घालायचं नाहीस.

नवा शब्द म्हणजे ‘ओझग्युर’. इथे मात्र ‘कशापासून?’ एवढ्याने भागत नाही, ‘कधी?’ हेही विचारावं लागतं. स्वतंत्र या अर्थी जुना शब्द ‘ह्यूर’, अरबी. १९०८च्या जुलैमध्ये सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या तोंडी ‘ह्यूरियेत’, म्हणजे स्वातंत्र्य, होतं. इस्तंबूलच्या शिश्ली भागातलं त्याचं स्मारक आजही ‘आबिदे-इ ह्यूरियेत’ आहे. राष्ट्रगीतातही ह्यूर आहे, १९२१पासून. मग १९२८मध्ये लिपी बदलली, १९३२मध्ये भाषा संस्था स्थापन झाली, आणि अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की मुळांवरून नवे घडवायला सुरुवात झाली. ओझग्युर त्याच कारखान्यातला. आपल्याला हे परकं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी दिनांक, महापौर दिले. तारीखही राहिली आणि दिनांकही आला. तसंच तिथे ह्यूर आणि ओझग्युर शेजारी शेजारी राहतात, पण एकाच वयाचे नाहीत. शीतयुद्धातल्या भाषणातलं ‘फ्री वर्ल्ड’ म्हणजे ‘ह्यूर द्युन्या’. तिथे ओझग्युर घातलास तर भाषण करणाऱ्याच्या अंगावर जीन्स चढवल्यासारखं दिसेल. उलट आजच्या कॉलेजातल्या पोरीची डायरी असेल तर ओझग्युर. ती ह्यूर लिहिणार नाही, आजोबांची नक्कल करत असेल तर गोष्ट वेगळी.

ओझग्युरने एका ठिकाणी इंग्रजीवर चक्क मात केली आहे. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमनने १९८३मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर’ची मोहीम सुरू केली, आणि तेव्हापासून त्या मंडळींना समजावत बसावं लागतंय की हे फ्री बिअरमधलं फ्री नव्हे, फ्री स्पीचमधलं. तुर्कीत समजवायची गरजच नाही. ‘ओझग्युर याझलम’. संपला विषय. तुझ्या ३०२व्या ओळीत परवान्याबद्दलचं वाक्य आहे, तिथे तू ‘उज्रेतसिझ’ लिहिलंस. हे तेवढं मला खरंच लागलं. ज्या एका वाक्यात तुर्की भाषा मूळ इंग्रजीपेक्षा स्पष्ट होऊ शकत होती, तिथेच तू तिला मागे ओढलंस.

साखरेबिखरेचं सोपं आहे. शब्दाला मागे ‘-सिझ’ची शेपटी लावायची, स्वरांप्रमाणे ती रंग बदलते: शेकेरसिझ, तुझसुझ, स्युतस्युझ. बिनसाखरेचा, बिनमिठाचा, बिनदुधाचा. आपला ‘बिन’ पुढे, त्यांचा मागे. सिगारेटबंदीच्या वेळी सरकारने ‘दुमानसझ हावा साहासं’ अशी मोहीम काढली होती, धूरविरहित हवाई क्षेत्र. २००९च्या जुलैत कॅफेही त्यात आले. चहाच्या टपरीला हवाई हद्द म्हणणारा तो कॉपीरायटर कोण होता कोण जाणे, मी त्याला कामावर घेतलं असतं. पण ही शेपटी उणीव दाखवते हे विसरू नकोस. तुझसुझ म्हणजे अळणीही. ‘वरी-फ्री ट्रॅव्हल’ला चिंतेमागे सिझ लावलंस तर चिंता आधी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते, मग जाते. ‘इचिनिझ राहात ओल्सुन’ म्हण. पोटातून निवांत राहा.

आणि काही ‘फ्री’ तर पाहुणे म्हणूनही येत नाहीत. ‘फील फ्री टू कॉल’ला तुर्की म्हणते ‘चेकिनमेयिन’, संकोचू नका. ‘फ्री अप स्पेस’ला ‘येर आच’, जागा उघड. आणि ‘फ्री रेंज एग्ज’ला? ‘गेझेन तावुक युमुर्तास’, हिंडणाऱ्या कोंबडीचं अंडं. इंग्रजांनी कोंबडीला स्वातंत्र्य दिलं, तुर्कांनी तिला फिरायला पाठवलं. आपण तिला गावठी म्हणून मोकळे.

फाईल परत पाठवते आहे. पिवळ्या केलेल्या ओळी तू स्वतः बदल, मी बदलून देणार नाही. ११८व्या ओळीला मात्र हात लावू नकोस. तिथे नुसतं ‘फ्री’ आहे, मागे काही नाही, पुढे काही नाही, वरच्या ओळीत ‘ऑल’ आणि खालच्या ओळीत ‘हॉल बी’. सभागृह मोकळं आहे की भाडं नाही, हे मी इथून सांगू शकत नाही आणि तूही नाहीस. क्लायंटला त्या पडद्याचा फोटो माग. दोन दिवस उत्तर येणार नाही, मग ‘अंदाजाने करा’ असं येईल. तेव्हा पुन्हा माग.

तुझी,
मावशी