बिल त्यांचं थकलं, नेट तुमचं बंद

‘पैसे वेळेवर भरले, तरी नेट बंद’ ही तक्रार सारखी येते आहे. बऱ्याचदा केबल धडधाकट असते. वाजलेलं असतं ते केबलवाला आणि त्याला बँडविड्थ (म्हणजे घाऊक इंटरनेट) विकणारी वरची कंपनी यांच्यात, थकबाकीवरून. त्यातले नेहमीचे प्रश्न घेतले आहेत.

केबलवाला म्हणतो, खोदकामात फायबर तुटली. खरं कसं मानू? (सातारा)

ओएनटीच्या, म्हणजे घरात फायबर जिला जोडलेली असते त्या डबीवरचे दिवे बघा. ‘एलओएस’ लाल लुकलुकत असेल तर तुमच्यापर्यंतची फायबर तुटली असण्याची शक्यता मोठी. ‘पॉन’ स्थिर हिरवा, केबलवाल्याचं रिचार्जचं पान उघडतंय, बाकी काही उघडत नाही आणि शेजाऱ्यांचीही तीच गत असेल, तर बिघाड केबलवाल्याच्या पुढे, वरच्या लाइनवर आहे. तो थकबाकीमुळेच, असं दिव्यांवरून ठरत नाही. पुढच्या लाइनवरही जेसीबी चालतो. लेखी कारण मागा.

राउटर रीसेट करू का?

नको. सेटिंग पुसली जाईल.

वर्षाचे पैसे आगाऊ भरले, ‘दोन महिने फ्री’ म्हणून. चार महिन्यांत नेट बंद. आता तो वरच्या कंपनीकडे बोट दाखवतो. (पुणे)

हेच मी कळकळीने सांगत आलो आहे: छोट्या ऑपरेटरला वर्षाचे पैसे एकदम देऊ नका. तुमचे बारा महिन्यांचे पैसे तो आज घेतो, बँडविड्थचं बिल मात्र त्याला पुढे भरत राहावं लागतं. मधल्या काळात ते पैसे नव्या सोसायट्यांत केबल ओढण्यात गेले की बिल थकतं, वरची कंपनी लाइन कापते आणि ‘फ्री’ महिने हवेत विरतात. महिन्याचा प्लॅन थोडा महाग पडेल, पण बुडालं तर एकाच महिन्याचं बुडेल.

त्याने बोट कुठेही दाखवो, तुमचा करार पैसे घेणाऱ्याशी आहे. पावती काढा आणि तिच्यावर नाव कोणाचं आहे ते बघा: परवानाधारक कंपनीचं की गल्लीतल्या फ्रँचायझीचं? नुसता व्हॉट्सॲपवरचा ‘रिसीव्ह्ड’ असेल तर यूपीआयची नोंद आजच जपून ठेवा. उरलेल्या महिन्यांचा परतावा लेखी मागा, तक्रार क्रमांक घ्या. रक्कम मोठी असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला कागद दाखवूनच पुढे जा.

ट्रायला मेल केला की दोन दिवसांत नेट येतं म्हणे?

ही ग्रुपवरची ऐकीव माहिती आहे. ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था आहे, ती एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तरीही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दूरसंचार सेवेची तक्रार तिथे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्यांचं भांडण मिटेपर्यंत थांबू का? (नाशिक)

थांबू नका. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचे आपसातले वाद दिल्लीच्या टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणापुढे जातात, आणि तिथला निकाल तुमच्या सोयीने लागत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत टॉवर कंपनीशी पैशांवरून बिनसल्यावर तमिळनाडूत एअरसेलचे फोन बंद पडले होते. त्याच महिन्यात एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाट बघणाऱ्यांना शेवटी नंबर घेऊन दुसरीकडे जावंच लागलं. ब्रॉडबँडला तर पोर्टिंगही नाही. दुसरं कनेक्शन घ्या, पण ते त्याच वरच्या कंपनीच्या लाइनवर चालत नाही ना, हे आधी विचारा.

घरून काम करते. बुडालेल्या पगाराची भरपाई मिळेल?

परतावा मागणं सोपं. बुडालेला पगार वसूल करणं अवघड. कनेक्शन घरगुती आहे की व्यावसायिक, यावर बरंच अवलंबून असतं. पगार कापल्याचं ऑफिसचं पत्र आणि करार घेऊन वकिलांना भेटा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून ‘नंतर बघू’ नको.