‘झुकने की चेष्टा’ नेमकी कोणाची?

खानापूरच्या एका वाचकांनी मोबाईलवर फिरत आलेले एका सूचनाफलकाचे छायाचित्र पाठवले आहे. फलकावर हिंदीत ‘बाहर झुकने की चेष्टा न करें’ असे लिहिले असून, कोणा मिश्कील माणसाने त्याखाली ‘वाकणाऱ्यांना हसू नका, त्यांचीही कंबर दुखते’ अशी ओळ जोडली आहे. त्यांची पृच्छा अशी, की फलक लिहिणारा चुकला, की मराठीनेच ‘चेष्टा’ या शब्दाचा अर्थ बिघडवला?

फलक अगदी बरोबर आहे. संस्कृतात ‘चेष्ट्’ या धातूचा अर्थ हालचाल करणे, खटपट करणे असा असून गीतेच्या सहाव्या अध्यायातील ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ यातली चेष्टा तीच आहे. हिंदीने त्यातला प्रयत्नाचा अर्थ धरून ठेवला. मराठीनेही मूळ अर्थ पुरता टाकलेला नाही. एखादा माणूस निश्चेष्ट पडला, म्हणजे त्याने थट्टामस्करी सोडली, असे कोणी समजत नाही.

हालचालीपासून थट्टेपर्यंतची वाट मला ‘माकडचेष्टा’ या शब्दात दिसते. माकडाचे हातवारे आणि उड्या या हालचालीच, पण बघणाऱ्याला त्यांचे हसू येते आणि तेच हातवारे माणूस दुसऱ्याला खिजवण्यासाठी करू लागला की त्यांची खोडी होते. कन्नडात हुबेहूब ‘मंगचेष्टे’ असा शब्द आहे आणि नुसत्या ‘चेष्टे’चा अर्थही तिथे खोडी असाच होतो. बेळगावच्या बाजारात मी एकदा भाजीवालीला वांग्यांचा भाव फारच पाडून मागितला, तेव्हा तिने तराजू खाली ठेवून ‘च्याष्टि माडतीरेन्री?’ असे विचारले. माझ्यासोबत पुण्याहून आलेले पाहुणे होते. कन्नडचे एक अक्षर येत नसूनही माझ्याआधी तेच म्हणाले, “चेष्टा नाही हो मावशी, हे असेच घासाघीस करतात.”

आता छायाचित्रातील विनोदाकडे वळतो, कारण त्याची खरी गोम शब्दापेक्षा विभक्तीत आहे. मराठीत ‘तो चेष्टा करतोय’ असे म्हटले, तर तो मनापासून बोलत नाही, एवढेच कळते आणि त्यात कोणाला टोचत नाही. ‘तो माझी चेष्टा करतोय’ म्हटले, की मात्र चेष्टेला गिऱ्हाईक मिळते आणि बोल लागतो. म्हणजे ‘चेष्टे’च्या मागे षष्ठीत जे येते, त्याला मराठी कान हसण्याचा विषय समजतो. हिंदीत त्याच जागी, ‘की’च्या आधी, करायची क्रिया येते. त्यामुळे ‘झुकने की चेष्टा’ वाचताना आपण नकळत ‘झुकण्याची चेष्टा’ असे वाचतो आणि बिचाऱ्या वाकण्याचीच थट्टा उडते. तिथे ‘झुकने का प्रयत्न’ असते, तर हे छायाचित्र कोणी पुढे धाडलेच नसते.

तेव्हा पृच्छकांनी ते खुशाल पुढे पाठवावे, मात्र त्यावर ‘चुकीचे भाषांतर’ असा शेरा मारू नये. मराठी फलक करायचाच झाला, तर ‘बाहेर वाकू नये’ एवढे पुरे, कारण ‘वाकण्याचा प्रयत्न करू नये’ असे लिहिल्यास प्रयत्न न करता सहज वाकणाऱ्यांना मोकळीक मिळते.