पाच घरांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस: निवडायचं कसं, पारखायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, पावणेदोन इंची नळीचं, पाच घरांचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर घेतलंय. चार प्रकारची हॉलो पॉइंट काडतुसं (गोळीच्या टोकाला खळगा असतो, लागल्यावर ती फुलते) आणलीत. मांसाच्या जागी जेली ठेवून तिच्यात गोळ्या झाडतात, त्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, आणि आता यातलं ‘सगळ्यात जोरदार’ कुठलं ते हवंय. तर आधी ‘जोरदार’ हा शब्द बाजूला ठेवा. त्याच्यापायी मी चांगली दोन वर्षं घालवली आहेत.

माझं पहिलं छोटं रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं (.३८ स्पेशलपेक्षा बरंच ताकदवान काडतूस) होतं, वजन जेमतेम बारा औंस. घेतलं त्याच आठवड्यात मॅग्नम काडतुसं भरून चांदमारीला गेलो. पहिल्या फैरीला तळहात सोलवटला, दुसरीला डोळे आपोआप मिटले, तिसरी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. चौथ्यांदा चाप ओढला तर सिलिंडर फिरेचना. उरलेल्या काडतुसांपैकी एकाची गोळी आधीच्या तीन धक्क्यांनी पुंगळीतून पुढे सरकली होती आणि सिलिंडरच्या तोंडाबाहेर येऊन नळीच्या बुडाला अडकली होती. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ हे वाक्य त्या दिवशी माझ्यापुरतं निकालात निघालं.

म्हणून माझं मत सरळ आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस खोक्यावरचे आकडे ठरवत नाहीत. तुमचा हात आणि ते विशिष्ट रिव्हॉल्व्हर ठरवतं. खोल जाण्याची किमान अट जी पार करतात, त्यातलं सगळ्यात मवाळ काडतूस घ्यावं.

खोलीची अट आली कुठून ते आधी सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये ‘बारा इंच’ हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या तुकडीची दोन बँकलुटारूंशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका लुटारूला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुललीही छान, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो बराच वेळ लढत राहिला. त्यातून एफबीआयने पुढे मोजमाप ठरवलं: १० टक्के जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच जावी. माणसाचं शरीर काही बारा इंच जाड नसतं, मग बारा कशाला? कारण मध्ये हात येतो, हाड येतं, माणूस तिरका उभा असतो. गंमत अशी की त्या दिवशी शेवट झाला तो रिव्हॉल्व्हरमधल्या .३८ स्पेशल प्लस पी (म्हणजे नेहमीपेक्षा जादा दाबाच्या) काडतुसांनी. शिशाची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, दिसायला अगदी जुनाट.

आता पावणेदोन इंची नळीची अडचण. .३८ स्पेशल १८९८ सालचं. त्याची पुंगळी लांब आहे ती काळी दारू मावावी म्हणून. खोक्यावर छापलेला वेग बहुधा चार इंची चाचणी-नळीतला असतो. तुमच्या नळीतून सेकंदाला शंभर फूट, कधी त्याहूनही जास्त कमी मिळतात. हॉलो पॉइंटला फुलायला वेग लागतो. वेग अपुरा पडला की दोनपैकी एक होतं: टोकाच्या खळग्यात कापडाचा बोळा बसतो आणि गोळी न फुलता साध्या गोळीसारखी खोल जाते, किंवा हलकी गोळी लवकर फुलते आणि आठ-नऊ इंचांतच दम टाकते. पहिलं परवडतं, दुसरं नाही. म्हणून व्हिडिओ बघताना फुललेल्या गोळीच्या फोटोवर भाळू नका. चाचणी किती लांबीच्या नळीतून केली, जेलीपुढे जाड कापडाचे थर होते का आणि पाचही गोळ्या कुठे थांबल्या, एवढंच बघा. पाचपैकी सगळ्यात कमी खोल गेलेली गोळी, तोच त्या काडतुसाचा खरा आकडा.

आणखी एक: हल्ली बहुतेक व्हिडिओंत पारदर्शक कृत्रिम जेली असते. खरं जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि छर्ऱ्याची गोळी मारून त्याचा घट्टपणा तपासतात. दोन्हींतले आकडे एकमेकांशेजारी मांडायचे नसतात. एकाच जेलीतल्या दोन काडतुसांची तुलना चालते.

धक्क्याचा अंदाज बांधायला मी एक ढोबळ गुणाकार वापरतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्ही गुणायचे. १४८ ग्रेनची निशाणेबाजीची वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी) छोट्या नळीतून ६५० च्या आसपास जाते, म्हणजे सुमारे ९६ हजार. १३५ ग्रेनची प्लस पी ८६० ने गेली तर १ लाख १६ हजार. १५८ ग्रेनची प्लस पी ८०० ने, १ लाख २६ हजार. आणि १२५ ग्रेनची मॅग्नम १२०० ने: दीड लाख. यात दारूच्या वायूचा धक्का धरलेला नाही आणि मॅग्नमला तो भरपूर असतो. हे आकडे तुमच्या पंधरा औंसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मनगटाला कळतात. पोलादी सांगाड्याच्या वीस-बावीस औंसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तेच काडतूस सुसह्य वाटतं, त्यामुळे दुसऱ्याचा ‘काही त्रास नाही हो’ हा शेरा घेण्याआधी त्याच्या हत्याराचं वजन विचारा.

तुमच्या चारपैकी ११० ग्रेनचं हलकं काडतूस हाताला बरं वाटेल, पण खोलीत ते काठावर असतं. मी ते पहिल्या पसंतीला ठेवणार नाही. स्पीअरचं १३५ ग्रेनचं गोल्ड डॉट खास आखूड नळीसाठी बनवलंय, खळगा रुंद आहे, कापडातून गेलं तरी बऱ्यापैकी फुलतं. फेडरलचं १३० ग्रेनचं एचएसटी विचित्र दिसतं. गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट, जणू काडतूस अर्धवट भरलंय. चांगलं फुलतं, पण घाईत सिलिंडरमध्ये भरताना त्याला टोकच नसल्यामुळे ते घराच्या कडेला अडतं. चौथं, १५८ ग्रेनचं शिशाचं सेमी-वॉडकटर हॉलो पॉइंट, म्हणजे वर सांगितलेल्या जुनाट गोळीच्याच घराण्यातलं. ते आजही उत्तम आहे, मात्र धक्का चौघांत जास्त, आणि शिशाच्या गोळ्या सरकण्याची भीतीही जास्त. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरच्या काही उत्पादकांनी शिशाची गोळी वापरू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तुमची पुस्तिका वाचा. प्लस पी चालतं का हेही तिथेच लिहिलेलं असेल. नसेल लिहिलं तर नाही चालत असं समजा.

आणि तुमच्या यादीत नसलेली वॉडकटर. सपाट तोंडाची, फुलत-बिलत नाही, निशाणेबाज कागदात गोल भोक पडावं म्हणून वापरतात. मंद जाते, तरी जेलीत बारा इंच सहज ओलांडते, कारण तिचा आकारच बदलत नाही. संधिवात असलेल्या, पकड कमी असलेल्या माणसाला मी डोळे झाकून हीच सांगतो. लोक हसतात. हसू देत.

आता पारखण्याकडे. इथे मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण हीच पायरी गाळतात. सगळं रेंजवर, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आखूड नळीचा आवाज फार वाईट असतो, मी आत टोपणं आणि वर मफ असं दोन्ही घालतो.

सगळ्यात आधी सरकण्याची तपासणी. नव्या खोक्यातलं एक काडतूस घ्या, कॅलिपरने त्याची पूर्ण लांबी मोजा, बुडावर पेनाने खूण करा. ते आणि आणखी चार भरा. चार झाडा, खुणेचं पाचवं काढून पुन्हा मोजा. तेच काडतूस ठेवून पुन्हा चार नवी भरा, झाडा, मोजा. एक-दोन हजारांश इंचांचा फरक मी चालवून घेतो. पण दर फेरीला लांबी वाढतच गेली तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही, मग जेलीत कितीही सुंदर फुलो. खुणेचं काडतूस शेवटी सरावात झाडून टाका, कपाटात परत ठेवू नका.

दुसरं, पेटतं का. चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आला तर नळी निशाण्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. नंतर प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) ठसा बघा. ठसा उथळ असेल तर दोष बहुधा रिव्हॉल्व्हरचा, विशेषतः चाप हलका व्हावा म्हणून कुणी स्प्रिंग बदलली असेल तर. मी ही चूक केली आहे: चाप लोण्यासारखा झाला आणि पन्नासात तीन काडतुसं पेटली नाहीत. मूळ स्प्रिंग परत बसवली. आणि ‘टक्’पेक्षा धोक्याचा आवाज म्हणजे ‘फुस्स’. धक्का अगदीच कमी जाणवला तर लगेच थांबा, रिकामं करा, नळीत गोळी अडकलीय का बघा. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

तिसरं, गोळी नेम धरला तिथे जाते का. अशा रिव्हॉल्व्हरचा नेम खाचेचा, पक्का. सरकवता येत नाही. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर निसटते, तोवर नळी धक्क्याने फारशी उचललेली नसते, म्हणून ती खाली लागते. जड गोळी वर. सात मीटरवर टेकू घेऊन पाच-पाचचे तीन गट मारा. नेमापासून दोन इंचांच्या आत सगळं आलं तर पुरे. माझ्या एका रिव्हॉल्व्हरमध्ये ११० ग्रेनची गोळी सात मीटरवर साडेतीन इंच खाली जायची. तेवढ्यावरच ती बाद झाली.

मग टेकू सोडा, दोन्ही हातांनी, नंतर एका हाताने, पाच गोळ्या सलग. तळहाताएवढा कागद, पाच मीटर. घड्याळ लावा. वॉडकटरला लागलेला वेळ आणि निवडलेल्या काडतुसाला लागलेला वेळ शेजारी लिहा. निवडलेल्याने दीडपट वेळ घेतला किंवा दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या, तर एक पायरी मवाळ उतरा. इथे लाज बाळगायची नाही.

रिकाम्या पुंगळ्या काढणं हीदेखील चाचणीच आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरची पुंगळ्या ढकलणारी दांडी आखूड असते, ती पुंगळी पूर्ण बाहेर काढत नाही. नळी वर करून तळव्याने एकदाच जोरात मारा. हळूहळू ढकललं की एखादी पुंगळी चांदणीखाली (दांडीच्या टोकाची, पुंगळ्या उचलणारी चकती) जाऊन बसते. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या जरा सहज निघतात. जळून न गेलेली दारू चांदणीखाली साचली तर सिलिंडर बंद होत नाही, म्हणून प्रत्येक सत्रानंतर तिथे दात घासायचा जुना ब्रश फिरवावा.

जेली घरी करायच्या भानगडीत पडू नका. रेंजवाल्यांनी परवानगी दिली आणि मागे भक्कम बांध असेल, तर पाण्याने भरलेले कॅन एकामागे एक लावून पुढे जुन्या जीनचे चार थर टांगा. त्यातून गोळी कापडानंतर फुलते की नाही एवढंच कळतं. पाण्यातली खोली जेलीपेक्षा बरीच जास्त दिसते, तो आकडा कुठे लिहूही नका.

महागडं काडतूस किती झाडायचं? पन्नास तरी. त्यानंतरचा सराव त्याच वजनाच्या, तशाच धक्क्याच्या साध्या काडतुसांनी करा. रोज जवळ बाळगलेली पाच मी सहा महिन्यांनी सरावात झाडतो आणि नवी भरतो. फटींत मुरणारं तेल सिलिंडरवर फवारून लगेच काडतुसं भरू नका, ते प्रायमरमध्ये झिरपतं. जादा काडतुसांच्या पट्टीत निमुळत्या टोकाची ठेवा, म्हणजे न बघताही सिलिंडरच्या घरात सरकतात. रिव्हॉल्व्हरमध्ये वॉडकटर आणि पट्टीत हॉलो पॉइंट अशी जोडी माझ्याकडे बरीच वर्षं आहे. मात्र दोन्ही काडतुसं वरच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलेली हवीत. आणि हॉलो पॉइंट बाळगायला तुमच्या भागातला कायदा परवानगी देतो का, हे खोकं फोडायच्या आत बघा. काही ठिकाणी देत नाही.

तुमच्या चारांत मी १३५ ग्रेनपासून सुरुवात करेन, त्याच्या शेजारी वॉडकटरचं एक खोकं ठेवून. पाचव्या काडतुसाची लांबी आधी किती होती, नंतर किती झाली, तेवढं मोजून कळवा. पुढचं त्यावर बोलू.