खेळामुळे देशाची किंवा समाजाची ओळख खरंच घडते का?

घडते, पण मैदानाबाहेर जास्त. कोल्हापूरचंच बघा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं (१९१२). पण कुस्ती गावात मुरली ती पेठापेठांतल्या तालमींमुळे. लाल मातीत हळद, ताक, तेल कालवून आखाडा तयार करायचा, हे काम पैलवानच करतात. आजही जत्रेत हलगी कडाडली की आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. आठ-दहा वर्षांची पोरं, अंगाला माती, जिंकलं की मूठभर रेवड्या. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. निकाली झाली तर ठीक, नाहीतर घरी जाईपर्यंत वाद!

याच मातीतून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेही मॅटवर खेळायला. खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं.

म्हणजे देशाच्या नावावर लागलेलं ते पदक आधी गावाचं होतं. सरकारला त्याची किंमत उशिरा कळली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो खाशाबा गेल्यानंतर. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच नेमबाज स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं, तेव्हा इकडे लोकांना सगळ्यात आधी आठवले ते खाशाबाच.